थर पातळ केले की धातू मजबूत होतो, मग सिम्युलेशनमध्ये उलटं का दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी एम.टेक.ला आहे. तांबं आणि नायोबियमच्या आलटून-पालटून थरांचं लॅम्प्स या सॉफ्टवेअरमध्ये मॉलिक्युलर डायनॅमिक्स (एमडी, म्हणजे अणू-अणूच्या हालचालीचं सिम्युलेशन) करतेय. थराची जाडी १० नॅनोमीटरपासून १ नॅनोमीटरपर्यंत उतरवली. पेपरांमध्ये म्हटलंय की थर पातळ होतील तशी मजबुती वाढते आणि शेवटी अडीच गिगापास्कलच्या आसपास थांबते. माझ्याकडे सहा-सात गिगापास्कल येतात, आणि थर पातळ केले की आकडा वाढायचा सोडून थोडा उतरतो. पोटेन्शियल (अणूंमधल्या बलांचं सूत्र) चुकलंय की इनपुट फाइल? आणि १ नॅनोमीटरच्या रन्सचं काय करू?"

बहुतेक दोन्ही बरोबर आहेत. तुम्ही जे मोजलंय ते मात्र प्रयोगवाले मोजतात ती गोष्ट नाही.

धातू कायमचा वाकतो तो डिसलोकेशनमुळे, म्हणजे स्फटिकातल्या रेषेसारख्या खोटीमुळे. ही रेष घसरत जाते आणि अणूंची एक प्रतल दुसरीवरून पुढे सरकते. प्रयोगशाळेत स्पटरिंगने, म्हणजे आयनांच्या माऱ्याने उडवलेले अणू साचवून, बनवलेल्या फिल्ममध्ये या रेषा जन्मापासूनच असतात: स्तंभासारख्या कणांच्या सीमांवर, दोन धातूंच्या सीमेवरच्या म्हणजे इंटरफेसवरच्या पायऱ्यांवर, थर वाढताना राहून गेलेल्या गडबडीत. ताण दिला की त्यातली एखादी चालायला लागते. तुम्ही मात्र दोन निर्दोष स्फटिक कापले, एकमेकांवर ठेवले आणि ओढले. त्या बॉक्समध्ये चालायला कोणीच नाही. आधी डिसलोकेशन जन्माला यायला हवं, आणि जन्माचा खर्च चालण्याच्या खर्चापेक्षा बराच जास्त असतो. तुमचे सहा-सात गिगापास्कल हा त्या जन्माचा खर्च आहे. तो आकडा खोटा नाही, पण त्याला फिल्मची मजबुती म्हणता येणार नाही.

आता पातळ थर मजबूत का होतात ते पाहू, कारण तिथे नीट पाहिलं की तुमचा आलेख उलटा का वळला तेही कळतं.

थर काही शे नॅनोमीटर जाड असेल तर डिसलोकेशन एकामागे एक रांगेत उभी राहतात आणि पुढच्याला इंटरफेसवर ढकलतात. रांग लांब असेल तर धक्का मोठा. थर पातळ केला की रांग आखूड होते, धक्का कमी पडतो, म्हणून बाहेरून ताण जास्त द्यावा लागतो. हॉलने १९५१ मध्ये आणि पेचने १९५३ मध्ये पोलादातल्या कणांच्या आकारासाठी मांडलेला वर्गमुळाचा नियम तोच, इथे आकाराच्या जागी थराची जाडी. यावर जास्त वेळ घालवू नका. तुमच्या जाडीला तो लागू नाही.

शंभरेक नॅनोमीटरच्या खाली रांग लावायला जागाच उरत नाही. एकेकटं डिसलोकेशन दोन इंटरफेसच्या मध्ये कोंडलं जातं आणि थराच्या आतून बोगद्यात शिरल्यासारखं पुढे सरकतं. जाताना मागे दोन्ही इंटरफेसवर आपली रेष सोडून जातं. बोगदा जितका अरुंद, तितका रेषेचा बाक तीव्र आणि तितका ताण जास्त. याला 'कन्फाइन्ड लेअर स्लिप' म्हणतात. लॉस अलामोसच्या अमित मिस्रा, जॉन हर्थ आणि रिचर्ड होगलंड यांनी या विचाराचं जे सूत्र वापरलं त्यात मुख्य पद असं आहे: कातर गुणांक (कातर-ताणाला धातू किती ताठ आहे ते) गुणिले बर्गर्स व्हेक्टर (डिसलोकेशन गेल्यावर अणू जेवढे सरकतात ते अंतर), भागिले आठ पाय (π) गुणिले थराची तिरपी जाडी, त्याला पॉइसन गुणोत्तराचा एक गुणक, आणि शेवटी जाडी व बर्गर्स व्हेक्टर यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम. त्या लॉगॅरिदमच्या आत अल्फा नावाचा आकडा दडलेला असतो. डिसलोकेशनचा गाभा किती पसरलाय हे तो सांगतो.

एकदा हाताने करून बघा. तांब्याचा कातर गुणांक ४८ गिगापास्कल, पॉइसन गुणोत्तर ०.३४, बर्गर्स व्हेक्टर ०.२५६ नॅनोमीटर घ्या. थर ५ नॅनोमीटरचा आणि घसरण्याची प्रतल ७०.५ अंशांनी कललेली, म्हणजे तिरपी जाडी ५.३ नॅनोमीटर. टेलर गुणक, म्हणजे कातर-ताणावरून ओढण्याचा ताण काढायचा आकडा, ३.१. बाकीची पदं बाजूला ठेवली तर अल्फा ०.२ धरल्यावर सुमारे सव्वादोन गिगापास्कल येतात आणि ०.५ धरल्यावर जवळजवळ पावणेचार. एका आकड्यात एवढा फरक! म्हणून कोणी पेपरात 'सूत्र प्रयोगाशी तंतोतंत जुळलं' असं लिहिलं की मी आधी अल्फा कुठून आणला ते शोधतो. आता हेच गणित १ नॅनोमीटरला करा. अल्फा ०.२ धरला तर लॉगॅरिदमच्या आतला आकडा एकापेक्षा लहान होतो आणि उत्तर ऋण येतं. सूत्राच्या परीने ती कबुलीच आहे: इतक्या अरुंद बोगद्यात वाकायला रेषच मावत नाही, तेव्हा मला विचारू नका.

काही नॅनोमीटरच्या खाली खेळ बदलतो. तिथे इंटरफेस ओलांडून पलीकडच्या धातूत शिरणं डिसलोकेशनला स्वस्त पडू लागतं. म्हणून मजबुती वाढायची थांबते आणि काही जोड्यांत घसरतेही. ५ नॅनोमीटर थरांच्या तांबं-नायोबियमचे सूक्ष्म खांब दाबून मिळालेली मजबुती अडीच गिगापास्कलच्या घरातली आहे. तुम्ही वाचलेला आकडा त्याच कुळातला.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. १९७० मध्ये जे. एस. केलर यांनी मांडलं की कडक आणि मऊ धातूंचे पातळ थर लावले तर मऊ थरातलं डिसलोकेशन कडक थराच्या तोंडाशी अडतं, कारण कातर गुणांक जास्त असलेल्या बाजूला रेषेची ऊर्जा वाढते. कल्पना सुंदर आहे. पण तांबं ४८ आणि नायोबियम ३७.५ गिगापास्कल, दोघांतली वजाबाकी भागिले बेरीज केली तर ०.१२ येतात. एवढ्याशा फरकाने ही मजबुती समजत नाही. शिवाय इथे कातर गुणांक कमी असलेला नायोबियम आहे, तांबं नव्हे. लॉस अलामोसच्या अणुपातळीवरच्या सिम्युलेशनने जे दाखवलं ते मला आजही या विषयातलं सगळ्यात गोड निरीक्षण वाटतं. इथला इंटरफेस कातर-ताणाला कच्चा आहे, आणि तो कच्चा आहे म्हणूनच अडवतो. डिसलोकेशन जवळ आलं की त्याच्या ताणाने इंटरफेसच थोडा सरकतो. त्या सरकण्यामुळे डिसलोकेशन आत ओढलं जातं आणि त्याचा गाभा इंटरफेसच्या प्रतलात पसरतो. चिखलात रुतलेली बैलगाडी जशी, चिखल मऊच असतो, पण चाक बाहेर निघत नाही. पलीकडे जायचं तर पसरलेला गाभा आधी पुन्हा एका रेषेत गोळा करावा लागतो, आणि त्याला ताण लागतो.

आता तुमच्या आलेखाकडे. निर्दोष बॉक्समध्ये पहिलं डिसलोकेशन जन्मतं ते इंटरफेसवर. तांब्याची (१११) आणि नायोबियमची (११०) प्रतल जुळत नाहीत, म्हणून इंटरफेसवर मिसफिटच्या रेषांचं जाळं असतं. त्या रेषा एकमेकींना छेदतात तिथल्या गाठी सगळ्यात कच्च्या. तिथून शॉकली पार्शल, म्हणजे अर्धवट डिसलोकेशन, आधी तांब्यात सुटतात, नायोबियम नंतर जागा होतो. गाठीची ताकद ठरते इंटरफेसच्या रचनेवर. थर १० नॅनोमीटरचा असो की ४ चा, गाठ तीच. थर पातळ केले की त्याच आकारमानात इंटरफेस वाढतात, गाठी वाढतात, आणि अगदी पातळ थरांत शेजारच्या इंटरफेसचे ताण एकमेकांत मिसळतात. मग आकडा वाढणार कशाला? एक तर सपाट राहील, नाही तर थोडा उतरेल. तुमचं सिम्युलेशन त्याला विचारलेल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देतंय.

प्रयोगाचा प्रश्न विचारायचा असेल तर बॉक्समध्ये डिसलोकेशन आधीच पेरायला हवं. सगळ्यात सोपा मार्ग असा: एकदा ओढा, डिसलोकेशन जन्मू द्या, मग ताण सोडा, शांत होऊ द्या, आणि पुन्हा ओढा. दुसऱ्या ओढणीचा वक्र पहिल्यापेक्षा खाली येईल. धोका एवढाच की आत काय उरलंय यावर तुमचा ताबा नसतो. जास्त शिस्तीचा मार्ग म्हणजे तांब्याच्या थरात, कललेल्या (१११) प्रतलावर, केसाच्या पिनेसारखी एक रेष स्वतः घालायची: दोन बाजू दोन इंटरफेसवर, पुढचं टोक थराच्या आत. अॅटमस्क या साधनात डिसलोकेशनचं विस्थापन-क्षेत्र लावता येतं, नाही तर स्वतः छोटी स्क्रिप्ट लिहा. मग स्ट्रेन (लांबीतला बदल) नव्हे, ताण थोडा-थोडा चढवा आणि पिनेचं टोक कोणत्या ताणाला पळायला लागतं ते टिपा. बॉक्स पळण्याच्या दिशेने लांब ठेवा. लांब नसेल तर पिरिऑडिक सीमेपलीकडची (तिथे तोच बॉक्स पुन्हा-पुन्हा मांडलेला धरतात) स्वतःचीच प्रतिमा त्या टोकाला ओढते किंवा ढकलते, आणि तुम्ही त्यालाच धातूचा गुण समजून बसता. हे ३, ५, ८, १२ नॅनोमीटरला करा. आलेख सुलटा होईल आणि त्यातून तुमचा स्वतःचा अल्फा मिळेल, कोणाकडून उसना घ्यावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट वेग. १ फेम्टोसेकंदाचा टाइमस्टेप धरला तर १ नॅनोसेकंदाला दहा लाख पावलं लागतात. तेवढ्यात १० टक्के स्ट्रेन द्यायचा तर स्ट्रेन-दर सेकंदाला दहा कोटी होतो. प्रयोगात तो एक हजारांशाच्या आसपास. अकरा शून्यांचा फरक. यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात, 'म्हणून एमडी निरर्थक' आणि 'आम्ही तीन दर घेतले, फारसा फरक नाही'. दोन्ही आळशी आहेत. फरक किती पडतो हे त्या घटनेच्या अॅक्टिव्हेशन व्हॉल्यूमवर, म्हणजे ताण वाढवला की ऊर्जेचा उंबरठा किती झपाट्याने उतरतो त्यावर, ठरतं, आणि हिशोब रुमालाच्या पाठीवर होतो. ३०० केल्विनला उष्णतेची ऊर्जा ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. अकरा शून्यांचा नैसर्गिक लॉगॅरिदम सुमारे २५. गुणाकार ०.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे प्रयोगातला धातू वाट बघून जितका उंच उंबरठा ओलांडतो, तुमच्या बॉक्सला त्यापेक्षा ०.६५ इलेक्ट्रॉनव्होल्टने बुटका उंबरठा हवा, आणि तो बुटका करायला तुम्ही ताण वाढवता. अॅक्टिव्हेशन व्हॉल्यूम बर्गर्स व्हेक्टरच्या घनाच्या दहापट असेल तर हा जादा कातर-ताण ०.६ गिगापास्कलच्या आसपास येतो. शंभरपट असेल तर ०.०६. एकपट असेल तर सहा! डिसलोकेशनच्या जन्माचं व्हॉल्यूम लहान असतं, म्हणून वेग तिथे जोरात चावतो. लांब रेष थरातून सरकण्याचं व्हॉल्यूम मोठं, म्हणून तिथे चावा सौम्य. पेरणी करण्याचं हे दुसरं, कमी बोललं जाणारं कारण.

तीन स्ट्रेन-दर जरूर घ्या, पण त्यांचा उतार काढून व्हॉल्यूम काढा आणि मग प्रयोगाच्या दरापर्यंत अंदाज बांधा. जन्माच्याच घटनेत रस असेल तर इलॅस्टिक बँड या पद्धतीने (आधीच्या आणि नंतरच्या स्थितीमधली सगळ्यात कमी ऊर्जेची वाट शोधून) उंबरठा थेट मोजणं सरळ. वेळेचा प्रश्नच उरत नाही.

आता बॉक्स. इथे मी स्वतः तोंडावर पडलोय, म्हणून जरा रेंगाळतो. कुर्द्युमोव्ह-साक्स मांडणीत (दोन स्फटिक एकमेकांशी कसे वळलेले असतात त्याचा एक ठरलेला प्रकार) तांब्याची <११०> दिशा नायोबियमच्या <१११> दिशेला समांतर. तांब्याचं त्या दिशेचं अंतर ०.२५५६ नॅनोमीटर, नायोबियमचं ०.२८५८. पिरिऑडिक सीमा हवी म्हणजे दोघांच्या पटी जुळायला हव्यात. मी सुरुवातीला तांब्याच्या ९ आणि नायोबियमच्या ८ पटी घेतल्या, बॉक्स लहान राहावा म्हणून. फरक ०.६ टक्के. 'एवढंसं तर आहे' म्हणून दोन्ही बाजूंना वाटून दिला. तांब्याचा त्या दिशेचा यंग गुणांक १३० गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे रन सुरू व्हायच्या आधीच थरांत काही शे मेगापास्कलचा ताण भरलेला. तीन आठवडे मी ओढण्याची आणि दाबण्याची मजबुती वेगळी का येते याचे सिद्धांत रचत होतो. सिद्धांत छान होते. ताण मी स्वतःच घातला होता.

१९ आणि १७ घ्या. १९ गुणिले ०.२५५६ आणि १७ गुणिले ०.२८५८, दोन्ही ४.८६ नॅनोमीटरच्या जवळ, फरक ०.१ टक्क्याहून कमी. आडव्या <११२> दिशेत तांब्याच्या ४२ आणि नायोबियमच्या २३ पटी जवळजवळ हुबेहूब जुळतात, १८.६ नॅनोमीटर. पहिली दिशा चौपट केली तर १९.४ गुणिले १८.६ चा पाया मिळतो. त्यावर ५ नॅनोमीटरचे चार थर ठेवले की साधारण पाच लाख अणू होतात. विद्यापीठाच्या क्लस्टरवर ३२ कोअर मिळाले तर नॅनोसेकंदाचा रन एका रात्रीत उरकतो. अणूंची संख्या बघून घाबरायचं कारण नाही.

एक चोरवाट मात्र राहते. हे आकडे खोलीच्या तापमानाला मोजलेल्या जालकांतरांचे, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या ठरावीक अंतरांचे, आहेत, आणि बहुतेक पोटेन्शियल तीच जालकांतरं शून्य केल्विनला देतात. तापवल्यावर तांबं नायोबियमच्या दुपटीहून जास्त फुगतं. ३०० अंशांत दोघांत सुमारे पाव टक्क्याची तफावत पडते. शून्याला जुळवलेला बॉक्स ३०० केल्विनला नेला की हाकलून दिलेला ताण मागच्या दाराने परत येतो. म्हणून आधी प्रत्येक धातूचा वेगळा ठोकळा तुमच्या तापमानाला चालवा, त्या पोटेन्शियलचं तिथलं जालकांतर काढा आणि त्यावरून पटी ठरवा. तिन्ही दिशांचा दाब स्वतंत्रपणे शून्यावर आणा, एकत्र बांधू नका. आणि ओढायच्या आधी प्रत्येक थराचा ताण वेगळा छापून बघा. अख्ख्या बॉक्सची सरासरी शून्य असते आणि आत तांबं ताणलेलं, नायोबियम दाबलेलं असू शकतं.

पोटेन्शियलबद्दल थोडक्यात. १९८० च्या दशकात डॉ आणि बास्केस यांनी आणलेली एम्बेडेड अॅटम पद्धत या कामाला पुरते. तांब्यासाठी मिशिन आणि सहकाऱ्यांचं २००१ चं पोटेन्शियल स्टॅकिंग फॉल्टची (प्रतलं रचण्याच्या क्रमातल्या चुकीची) ऊर्जा वर्गमीटरला ४४ मिलिज्यूलच्या आसपास देतं, ती प्रयोगाला धरून आहे. तांबं-नायोबियम जोडीसाठी डेमकोविच आणि होगलंड यांचं २००९ चं आहे. तुमच्या फाइलमध्ये दोन्ही धातूंची पोटेन्शियलं वेगवेगळ्या ठिकाणहून आणून मधला भाग सरासरीने भरला असेल तर थांबा. हे दोन धातू एकमेकांत विरघळत नाहीत, आणि सरासरीने भरलेला मधला भाग त्यांना खुशाल विरघळवू शकतो. तपासणी सोपी आहे: तांब्यात एक नायोबियम अणू घाला आणि ऊर्जा वाढते की नाही बघा.

इंटरफेसही एकच नसतो. दोन स्फटिक नुसते टेकवले तर एक रचना मिळते. मध्ये तांब्याचा एक ताणलेला एकअणू थर घातला तर दुसरी, आणि दोघींची ऊर्जा जवळजवळ सारखी. डेमकोविच, होगलंड आणि हर्थ यांनी हे २००८ मध्ये दाखवलं. त्यामुळे एकच प्रारंभिक मांडणी घेऊन निष्कर्ष काढू नका. प्रतलात थोडं-थोडं सरकवून आठ-दहा मांडण्या करा, शांत होऊ द्या, सगळ्यात कमी ऊर्जेच्या दोन-तीन घ्या. एररबार त्यांतून येऊ द्या. थर्मोस्टॅटचा रँडम सीड बदलून काढलेला एररबार फक्त दिसायला बरा असतो.

विश्लेषणात लोक एके ठिकाणी हमखास फसतात. अणूंची चित्रं दाखवणाऱ्या ओव्हिटो सॉफ्टवेअरमधलं डिसलोकेशन शोधणारं साधन एका वेळी एकाच जालकाचा प्रकार विचारतं. तांब्यासाठी एफसीसी (तांब्याच्या जालकाचा प्रकार) निवडलं की नायोबियम त्याला कचरा दिसतो. अणू प्रकारानुसार वेगळे करा आणि दोनदा चालवा. आणि सगळ्यात चांगलं साधन म्हणजे स्वतः बसून पन्नास-साठ फ्रेम डोळ्यांनी बघणं. पहिलं पार्शल कुठून निघालं, कुठे अडकलं, पलीकडे गेलं की इंटरफेसमध्येच विरलं. वक्राचं टोक कोणीही वाचतं.

पेपराशी तुलना करताना ताणाची दिशाही बघा. थरांना समांतर ओढलं तर दोन्ही धातूंचा स्ट्रेन सारखा असतो. थरांवर लंब दाबलं तर लंब ताण सारखा असतो आणि तांबं आधी हात टेकतं. नॅनोइंडेंटेशनच्या, म्हणजे बारीक टोक टोचून मोजलेल्या, कठीणतेला २.७ ने भागून आलेली मजबुती ही तिसरीच गोष्ट. बॉक्समध्ये ५ नॅनोमीटर त्रिज्येची गोळी दाबून त्याला इंडेंटेशन म्हणणारे पेपर मी शांतपणे बाजूला ठेवतो. एक-दोन थरांना टोचून सबंध चळतीबद्दल काय बोलणार?

एमडीच्या पलीकडे जायचं असेल तर. इंटरफेस ओलांडायला किती ताण लागतो, तो किती ताणाला सरकतो, हे नियम एमडीतून काढायचे आणि डिसलोकेशन डायनॅमिक्समध्ये घालायचे. तिथे अणू नसतात, फक्त रेषा असतात, म्हणून मायक्रोमीटरचे बॉक्स आणि हजारो रेषा परवडतात. त्याच्याही वर क्रिस्टल प्लॅस्टिसिटी, जिथे अख्ख्या थराची घसरण गणितात येते. लाटून बनवलेल्या थरांसाठी ती लागतेच. हे लाटणं मजेशीर आहे. दोन पत्रे एकमेकांवर ठेवायचे, निम्म्या जाडीपर्यंत लाटायचे, कापायचे, पुन्हा एकावर एक ठेवायचे. १९९० च्या दशकाच्या शेवटी ओसाकाच्या सायतो आणि त्सुजी यांनी ही पद्धत रूढ केली. दर फेरीला थर दुप्पट, दहा फेऱ्यांत हजारपट. आपल्याकडे चिरोटे करणाऱ्या बाईला हे गणित समजावायची गरज नाही. फरक साट्याचा आहे. पापुद्रे सुटावेत म्हणून आपण मध्ये तूप-पिठाचा साटा लावतो. इथे थर चिकटावेत म्हणून पत्र्याचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने खरवडून अगदी कोरा करतात.

तुमच्या कामाशी याचा संबंध असा, की लाटलेल्या तांबं-नायोबियमचा इंटरफेस वेगळा असतो: दोन्हीकडे (११२) प्रतल, सपाट नव्हे तर पायऱ्यापायऱ्यांचा. तो कातर-ताणाला तितका कच्चा नाही, आणि लाटलेले काही नॅनोथर ५०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवूनही टिकल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. म्हणून तुमचा सपाट (१११)-(११०) बॉक्स लाटलेल्या पत्र्याच्या आकड्यांशी ताडू नका. तुलना स्पटर केलेल्या फिल्मशीच.

राहिले १ नॅनोमीटरचे रन्स. तांब्याच्या (१११) प्रतलांत ०.२०९ नॅनोमीटर अंतर असतं, म्हणजे तुमचा थर जेमतेम पाच प्रतलांचा. त्यातली वरची आणि खालची एक-दोन इंटरफेसच्या विस्कटलेल्या भागात जातात. 'आतला तांब्याचा थर' म्हणावा असं काही शिल्लकच नाही. त्या रन्सना कन्फाइन्ड लेअर स्लिपच्या आलेखात जागा नाही. पेरणी करायला गेलात तर पीन मावणार नाही. पण टाकून देऊ नका. जन्माचा ताण इंटरफेसमधल्या अंतरावर किती अवलंबून आहे हे दाखवणारा तो तुमचा सगळ्यात टोकाचा बिंदू आहे, आणि निर्दोष बॉक्सची मालिका तुम्ही आधीच पूर्ण केलेली आहे. तिच्यासोबत ३ ते १२ नॅनोमीटरची पेरलेली मालिका चालवा, दोन्ही एकाच आलेखावर काढा. फक्त जुन्या मालिकेच्या उभ्या अक्षावर 'मजबुती' लिहिलंय ते खोडा आणि 'पहिलं डिसलोकेशन सुटण्याचा ताण' असं लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरूनच येईल, आणि त्याचं उत्तर शेजारच्या वक्रात असेल.